दातांची गोष्ट : पांढरं फिलिंग आणि १६५ पौंड

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपासून आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. माझ्या उजव्या खालच्या दाढेत घास अडकतो, गार पाणी लागलं की शिणक जाते. इथल्या एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, डेंटिस्टने एक्स-रे काढला आणि दाढ किडली आहे, भरावी लागेल म्हणाला. एनएचएसमध्ये चांदी भरायची तर ७५ पौंड, दातासारखं पांढरं हवं तर प्रायव्हेटमध्ये १६५. म्हणजे ९० पौंड नुसत्या रंगाचे? आई म्हणते, तिकडे पैसे घालवू नकोस, डिसेंबरात पुण्याला येशील तेव्हा आपल्या डॉक्टरांकडे दोन हजारांत होईल. दाढ हसताना दिसते म्हणून मला चांदी नको आहे. मुलगी आता जुलैत सात महिन्यांची झाली, अंगावर पिते, त्यामुळे सारख्या खेपा घालणंही जमत नाही. काय करू?
– एक वाचक, रेडिंग

उत्तर : कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहेत. सात महिन्यांची मुलगी, आणि ती अंगावर पिते. रंगाचं नंतर बघू, आधी हे.

बाळंतपणानंतर १२ महिने इंग्लंडमध्ये एनएचएसचे दातांचे उपचार फुकट असतात. ७५ पौंड ३० पेन्स हा एप्रिल २०२५ मध्ये ठरलेला 'बँड २'चा, म्हणजे दात भरण्यासारख्या कामांचा, दर. तो तुम्हाला लागूच होत नाही. त्यासाठी मॅटर्निटी एक्झेम्प्शन सर्टिफिकेट, म्हणजे बाळंतिणीचा फीमाफीचा दाखला, लागतं. गरोदरपणी औषधं फुकट मिळावीत म्हणून मिडवाइफने काढून दिलं असेल, तर तेच इथेही चालतं. जुने ईमेल चाळा. नसेल तर जीपी (तुमचा फॅमिली डॉक्टर) किंवा हेल्थ व्हिजिटर (तान्ह्या बाळांची चौकशी करणारी नर्स) यांना सांगा, ते अर्ज भरून देतात. मात्र हातात सर्टिफिकेट नसताना दवाखान्याच्या फॉर्मवर फीमाफीची खूण करू नका, मागाहून दंडाची चिठ्ठी येते. मी ९ वर्षं लेस्टरला एनएचएसच्या दवाखान्यात काम केलं. काउंटरवर पैसे भरून बाहेर पडणाऱ्या आणि बाबागाडीत तान्हं बाळ असलेल्या कितीतरी आपल्या मुली पाहिल्या. विचारायचा संकोच, दुसरं काय!

आता चांदी. जिला आपण चांदी म्हणतो ते अमाल्गम. त्यात वजनाने निम्मा पारा असतो, उरलेल्यात चांदी, कथील, तांबं. जुलै २०१८ पासून तिकडे नियम आहे : १५ वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांना अमाल्गम भरायचं नाही, वैद्यकीय कारणाने अगदीच गरज पडली तर अपवाद. हा खबरदारीचा नियम आहे, त्यावरून घाबरून जायचं कारण नाही. पण तुमच्या डेंटिस्टला बहुधा ठाऊकच नाही की तुम्ही पाजता. फोन करून एवढंच म्हणा, "मी बाळाला अंगावर पाजते. मग एनएचएसमध्ये माझ्या दाढेत काय भराल?" उत्तर कंपोझिट असेल तर तेच तुमचं पांढरं फिलिंग. ग्लास आयनोमर म्हणाले, तर आपल्याकडे ज्याला सरसकट 'सिमेंट' म्हणतात त्यातला तो प्रकार. तोही दिसायला पांढरट, पण चावण्याच्या दाढेत लवकर झिजतो. तेव्हा ते कायमचं आहे की तात्पुरतं, हे विचारून घ्या. काय एनएचएसमध्ये आणि काय प्रायव्हेट, हे लिहून मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्याचा छापील फॉर्मच असतो.

आता तुमचे ते ९० पौंड. ते रंगाचे नाहीत, खुर्चीच्या वेळेचे आहेत. अमाल्गम दाबून बसवायचं असतं. थोडी लाळ लागली तरी ते बिचारं सांभाळून घेतं. कंपोझिट नाही घेत. कीड काढली की दाताला आम्लाचा जेल लावायचा, धुवायचा, वाळवायचा, बाँडिंग लावायचं, त्यावर निळा दिवा. मग मसाला दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरायचा आणि प्रत्येक थरावर पुन्हा वीसेक सेकंद दिवा धरायचा. खालच्या दाढेशी एकीकडे जीभ, दुसरीकडे गाल, आणि लाळ तर तिथेच साचते. म्हणून रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवलेला रबराचा पडदा. तुमच्या दाढेत घास अडकतो म्हणजे कीड बहुतेक दोन दातांच्या फटीत आहे. तिथे धातूची पट्टी आणि पाचर लावून भिंत उभारावी लागते. चांदीला जिथे मला वीस मिनिटं लागत, तिथे याला चाळीस-पंचेचाळीस. आणि एनएचएस डेंटिस्टला पैसे देते ते युनिटवर, म्हणजे कामाच्या ठरावीक मापावर : एक दाढ भरा नाहीतर दोन, युनिटं तीनच. असल्या हिशोबात पाऊण तास कोण देणार? डेंटिस्टची बाजू घेत नाही, पण गणित असं आहे.

महाग म्हणून टिकाऊ, असंही समजू नका. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अभ्यास एकत्र करून पाहिले, तर मागच्या दाढांत कंपोझिट खराब होण्याची शक्यता अमाल्गमच्या जवळजवळ दुप्पट निघाली. माझ्या डाव्या दाढेत कॉलेजात असताना वर्गमैत्रिणीने परीक्षेसाठी भरलेली चांदी आहे, १९८६ची. काळी ठिक्कर पडली आहे, पण हललेली नाही. समोरच्या दाताचं कंपोझिट मात्र दोनदा बदलून झालं.

आईंचा हिशोब पैशांपुरता बरोबर आहे. पुण्यात माझ्या ओळखीच्या दवाखान्यांत एका दाढेचं कंपोझिट दीड ते तीन हजारांत होतं. तुमचे १६५ पौंड म्हणजे १९ हजारांच्या घरात. पण कीड काही तिकीट काढून बसलेली नाही. आज नुसती शिणक येते आहे, पाच महिन्यांत कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडली तर रूट कॅनाल आणि वर कॅप. पोकळ दाढ घेऊन विमानात बसलं तर हवेच्या दाबाने ठणका लागू शकतो, तोही मांडीवर मुलगी असताना. फिलिंग उंच झालं तर आठ दिवसांनी घासून घ्यायला परत जावं लागतं, तोवर सुट्टी संपलेली. आणि मुख्य म्हणजे डिसेंबरात मुलगी वर्षाची होईल, की फुकटची सोय संपली. तेव्हा याच महिन्यात उरकून घ्या. खुर्चीत बसण्याआधी मुलीला पाजा. इंजेक्शनने तोंडाची फक्त ती बाजू बधिर करतात, त्यानंतरही पाजायला हरकत नसते.

प्रश्न : वय ५८. माझ्या चार दाढांत २० वर्षांपूर्वीची चांदी आहे, काही त्रास नाही. नवीन डॉक्टर म्हणतात, पारा विषारी, सगळी काढून पांढरं भरू, १२ हजार होतील. करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. फिलिंग धड असेल तर काढू नये. पाऱ्याची वाफ सर्वांत जास्त उडते ती चांदी ड्रिलने उकरताना, आणि प्रत्येक वेळी थोडा चांगला दातही सोबत जातो. कडेला फट पडली असेल, खाली कीड दिसत असेल किंवा दाताला तडा गेला असेल, तर तेवढीच एक दाढ करा. डॉक्टरांना म्हणावं, एक्स-रेवर कीड दाखवा. आणि रंगच खुपत असेल तर आरशात बघून हसा. त्या मागच्या दाढा दिसतात तरी का? दिसत नसतील तर १२ हजार ठेवा, पुढे कधीतरी कॅपला लागतील.