बाबांना नैराश्य आलंय की नुसता कंटाळा?

"मॅडम, बाबा दिवसभर 'कंटाळा आला' म्हणतात. डिप्रेशन तर नसेल ना?" निवृत्त वडिलांना घेऊन आलेल्या लेकी-सुना हे हमखास विचारतात.

हे बाबा एसटीत कंडक्टर होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) ५८ व्या वर्षी निवृत्त होऊन आठ महिने झालेले. बोलताना उजवा अंगठा तर्जनीवर टकटक आपटत होता. तिकिटाला पंच मारायची सवय; हातात मशिन आलं, तरी बोटं विसरली नव्हती.

आधी नैराश्याचं तपासलं. झोप ठीक. भूक? "मटण असलं की भाकरी जास्त जाते." नात आली की खुलतात. नैराश्यात इच्छाच आटते. काहीच नकोसं वाटणं, झोप-भूक बिघडणं, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. मरणाचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबायचं नाही. कंटाळ्यात मात्र इच्छा जागी असते. काहीतरी करायचं असतं, पण समोर आहे त्यात मन लागत नाही.

एवढं कळूनही मी नेहमीची चूक केली. फिरणं, हास्यक्लब, शब्दकोडं अशी यादी दिली. पंधरा दिवसांनी बाबांनी वही उघडली. वेबिलासारखे, म्हणजे कंडक्टरच्या तिकीट-हिशेबाच्या कागदासारखे, रकाने आखलेले. '५.४० फिरणे. ७.०० हास्यक्लब. ९.०० कोडे, पूर्ण.' आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'कं.'

"हे 'कं.' काय?"

"कंटाळा."

मला हसू आलं, मग ओशाळल्यासारखं झालं.

रिकामा वेळ कुणालाच सोसत नाही म्हणा. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना १५ मिनिटं खोलीत एकटं बसवलं. जवळ फक्त विजेचा सौम्य झटका देणारं बटण. झटका टाळायला पैसे मोजू, असं आधी म्हणालेल्या १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी ते बटण स्वतःच दाबलं!

मी विचारलं, "नोकरीत कंटाळा यायचा?"

"रोज तोच रूट, तेच खड्डे. यायला पाहिजे होता." जरा थांबून म्हणाले, "पण डबल बेल माझ्या हातात होती ना."

ती यादी मी रद्द केली. दहा दिवस दुपारी टीव्ही नाही, मोबाइल नाही. कंटाळा आला तर येऊ द्या, मन कुठे पळतं तेवढं बघा, असं सांगितलं. लेक वैतागली, "म्हणजे काहीच करायचं नाही?"

पहिले तीन दिवस बाबांनी घर डोक्यावर घेतलं. चौथ्या दिवशी उठून स्टँडवर गेले. तिथे एका आजींना पाटी वाचता येईना. यांनी फलाट सांगितला, पिशवी उचलून दिली, गाडी सुटेपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

महिन्याने लेकीचा फोन. बाबा सकाळी नऊला जातात आणि जेवायला दोन वाजवतात, डबा द्यावा का? मागून बाबांचा आवाज आला, "दुपारचा कंटाळा येतोच, सांग मॅडमना. तेवढा हॉल्ट धरलाय."