गाडीगप्पा : या खेपेला सगळं रबरावरच आलं

मागच्या अंकात लिहिलं होतं की टपरीवर चहा पिताना जसं विचारता तसं विचारा, फार सभ्य प्रश्न पाठवू नका. तर लोकांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. ढीगभर प्रश्न आलेत, त्यातले निम्मे "कुठली घेऊ" वाले आहेत, ते मी बाजूला ठेवलेत, कारण तुमचं बजेट, तुमचं पार्किंग आणि तुमच्या सासरेबुवांचं मत मला माहीत नाही. उरलेल्यातले हे काही.

आमच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये मायलेजवरून रोज भांडणं होतात. सेम मॉडेल, सेम वर्ष, मित्र म्हणतो माझी २३ देते आणि माझी १६ च्या वर जात नाही. तो फेकतोय का माझ्या गाडीत काही लफडं आहे?
एक वाचक, सातारा

मित्र फेकत नसेल, तो स्क्रीन वाचत असेल. डिस्प्लेवरचं मायलेज म्हणजे गाडीने स्वतःचा पेपर स्वतःच तपासून दिलेले मार्क, ते थोडे सढळ हातानेच असतात. खरं बघायचं तर टाकी फुल करायची, नोझल आपोआप कट झालं की थांबायचं आणि "साहेब, राउंड फिगर करू का" ला अजिबात हो म्हणायचं नाही, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, निदान चारशे किलोमीटर चालवायची आणि परत त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर कट होईपर्यंत भरायची, मग भागाकार. हे तीनदा करा आणि मित्रालाही करायला लावा, भांडण निम्मं तिथंच संपेल.

उरलेलं निम्मं रस्त्याचं आहे. तो आठवड्याला हायवेने पुण्याला जाऊन येणार, तुम्ही राजवाडा ते पोवई नाका दुसऱ्या गिअरवर फिरणार, मग आकडा सारखा कसा येईल? कंपनीच्या जाहिरातीतला आकडा तर रस्त्यावरचा नसतोच, गाडी लॅबमध्ये रोलरवर उभी करून ठरलेल्या स्पीडच्या तक्त्याप्रमाणे पळवतात, वीसेक मिनिटांचा खेळ असतो आणि स्पीड नव्वदच्या वर जात नाही. तिथं सिग्नल नाही, खड्डा नाही आणि मागच्या सीटवर लग्नाला निघालेली माणसं नाहीत.

आणि हो, हवा बघा. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर स्टिकर असतो त्यावर आकडा लिहिलेला असतो, तो थंड टायरचा. पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट पस्तीस मारतो नाहीतर मशीन बंद आहे सांगतो. सकाळी निघाल्यावर पहिल्या दोन-तीन किलोमीटरच्या आत हवा चेक करायची. हवा कमी असली की टायर रस्त्याला चिकटून चालतो आणि पेट्रोल तिथं जातं.

वडिलांची २००७ ची मारुती ८०० आहे, अजून टकाटक. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलंय. एक जण म्हणतो इंजिन बसणार, दुसरा म्हणतो काही होत नाही, तिसरा म्हणतो गाडी विकून टाक. डोकं फिरायची वेळ आलीय.
एक वाचक, चिपळूण

तिसऱ्याला आधी गप्प बसवा.

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे वीस टक्के मिसळलं की हिशोबाने सहा-सात टक्के फरक पडतो, आधी १७ देत असेल तर १६ धरून चाला. इंजिन एका दिवसात बसत नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांमध्ये पाइप, सील, गॅस्केट हे सगळं या पेट्रोलला चालेल असं दिलेलं असतं, तुमच्या २००७ च्या गाडीत ते नाही, खरा मुद्दा हा आहे. इंजिनाचं लोखंड घाबरत नाही, रबर घाबरतं.

माझ्याकडे कार्ब्युरेटरवाली ८०० होती तेव्हाची गोष्ट. गाडीत बसलं की पेट्रोलचा वास यायचा, बायको म्हणायची मळमळतं, मी म्हणायचो तुला गाडी लागते. एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली, तिथं दोन दिवस ठेवून घेतली, कार्ब्युरेटर सर्व्हिस केला म्हणाले, बिल घेतलं, वास तसाच. मग इकडं कोल्हापुरात उद्यमनगरात एक म्हातारा मिस्त्री होता त्याच्याकडे गेलो. त्याने बॉनेट उघडलं, पेट्रोलची पाइप दोन बोटांत धरून नुसती वाकवली, आणि वरून काळीभोर गुळगुळीत दिसणारी ती पाइप वाकल्यावर अशी बारीक बारीक चिरली की जणू उन्हाळ्यातली टाच. "हे बघा तुमचं दुखणं," म्हणाला. फूटभर पाइप आणि दोन क्लिपा, एवढंच काम होतं. बायकोने पुढं वर्षभर ते ऐकवलं, तो भाग वेगळा.

तर तुम्हीही तेच करा, टाकीपासून पुढपर्यंत रबरी पाइपा बदलून घ्या आणि घेताना इथेनॉलला चालणारी द्या असं स्पष्ट सांगा, फिल्टर नवा टाका. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि तुम्ही राहता चिपळूणला, तिथं पावसाळ्यात भिंतीसुद्धा पाणी पितात. अर्धी टाकी ठेवून गाडी दोन महिने झाकून ठेवायची सवय असेल तर ती मोडा. आठवड्याला एकदा बाहेर काढा, वडिलांना घेऊन गुहागरला जाऊन या.

गाडीला पंधरा वर्षं झाली की स्क्रॅपच करावी लागते असं ग्रुपवर सगळे छातीठोकपणे सांगतात. खरं आहे का?
एक वाचक, नागपूर

दिल्लीकडच्या नियमाची गोष्ट फॉरवर्ड होत होत नागपूरला पोचलीय. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी यावरून जे रामायण झालं ते दिल्ली आणि आसपासच्या भागातलं. आपल्याकडे पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी दाखवायची, पास झाली की पाच वर्षं पुढं. फी बऱ्यापैकी वाढलीय, ग्रीन टॅक्स भरावा लागतो, पीयूसी आणि विमा चालू पाहिजे, एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर नवीन सुरक्षा नंबरप्लेटही पाहिजे. पुढचं मागचं सांगायला एजंट दारातच उभे असतात, पण एकदा स्वतः जाऊन बघा, वाटतं तेवढं अवघड नाही.

माझा नवरा दर रविवारी पहाटे साडेपाचला उठून "ड्राइव्ह"ला जातो. आठ-दहा जण, आठ-दहा गाड्या, लोणावळ्याला जाऊन वडापाव खातात आणि परत येतात. एरवी त्याला आठला उठवताना नाकी नऊ येतात. हे लोक तिथं नक्की करतात काय?
एक वाचक, ठाणे

ताई, खरं सांगू का, काही करत नाहीत. मी स्वतः त्यातला आहे म्हणून सांगतो. गाड्या तिरक्या लावायच्या म्हणजे फोटोत बऱ्या दिसतात. मग एक जण बॉनेट उघडतो आणि बाकीचे हाताची घडी घालून आत बघतात. आत बघण्यासारखं काही नसतं, आजकालच्या इंजिनावर काळं प्लास्टिकचं झाकण असतं, तरी दहा मिनिटं बघतात. कुणीतरी म्हणतं "टर्बो लॅग जाणवतो रे थोडा", सगळे माना हलवतात. मग विषय जातो सनरूफवर, त्याच्यावर शिव्या पडतात, शिव्या देणाऱ्यांत निम्म्यांच्या गाडीला सनरूफ असतं. एक जण एक्सप्रेसवेवर किती ताणली ते सांगायला लागतो, दुसरा आठवण करून देतो की घाटात साठची लिमिट आहे आणि वर कॅमेरे आहेत, तेवढ्यात पहिल्याच्या मोबाइलवर चलानचा मेसेज येतो. मग चहा. मग परत.

आणि जाताना प्रत्येक जण दुसऱ्याच्या टायरला एक लाथ मारतो. याने काय कळतं हे मला तीस वर्षांत समजलेलं नाही. ताई, तुम्ही एक करा. नवरा अंघोळीला गेला की खाली जा आणि टायरच्या बाजूवर बघा, इंग्रजीत डीओटी अशी अक्षरं आणि पुढं बरंच काही लिहिलेलं असतं, त्यात शेवटी चार आकडे लंबगोलात असतात, सापडले नाहीत तर टायरच्या दुसऱ्या अंगाला असतील. समजा २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. मग रविवारी दारातून सहज विचारा, "अहो, आपला टायर कुठल्या आठवड्यातला?" लाथा मारणाऱ्यांपैकी एकालाही सांगता येणार नाही, पैज लावतो. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होतं, पावसात घसरतं. तुमचा आकडा जुना निघाला तर नवऱ्याचा पुढचा ड्राइव्ह टायरच्या दुकानापर्यंत.

आमचे काका घाट उतरताना न्यूट्रल करतात, म्हणतात फुकटात गाडी जाते. मी नको म्हटलं तर "आम्ही चाळीस वर्षं चालवतोय" ऐकवतात. कोण बरोबर?
एक वाचक, रत्नागिरी

काका चाळीस वर्षांपूर्वी अगदीच चूक नव्हते. कार्ब्युरेटरच्या गाडीत गिअरमध्ये उतरतानाही थोडं पेट्रोल ओढलं जायचंच. आता इंजेक्शनच्या गाड्या. गाडी गिअरमध्ये आहे, एक्सिलरेटरवरून पाय काढलाय, चाकंच इंजिन फिरवतायत, अशा वेळी कॉम्प्युटर पेट्रोल बंदच करतो. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतःला चालू राहायला पेट्रोल लागतं. म्हणजे काका पेट्रोल वाचवायला जास्त पेट्रोल जाळतायत, वर सगळा भार ब्रेकवर.

आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबा आणि शेजारच्या गाड्यांजवळ नाक न्या, निम्म्यांना करपल्याचा वास येत असतो. ते ब्रेक लायनर. असा वास आला तर गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका. बाकी जुना नियम तोच, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला टाकून खालचा गिअर पकडा. काकांना मी सांगितलं असं सांगू नका, गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय म्हणा.

पहिली गाडी घेतलीय, मित्र म्हणतात स्टॉक लुक म्हणजे टॅक्सी वाटते. मोठे अलॉय, पांढरे एलईडी हेडलाइट आणि भारीतली म्युझिक सिस्टिम, बजेट चाळीस हजार. आधी काय करू?
एक वाचक, पिंपरी

वायपरची रबरं बदल. हसू नको. पहिल्या पावसात रात्री काचेवर फरकाटे उठले की म्युझिक सिस्टिम बंद करून पुढं वाकून चालवायला लागतं माणूस. बाहेरचे ते पांढरे दिवे तर नकोच, साध्या हेडलाइटच्या खोबणीत ते घातले की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त जातो, तो तुला शिव्या देतो आणि त्या लागतात. मोठ्या अलॉयवर टायर पातळ होतो आणि आपले खड्डे तर तुला माहीतच आहेत. म्युझिक सिस्टिम लाव, त्यात मी पडत नाही.

आजोबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, चार वर्षं उभी होती. मला ती चालती करायचीय. घरचे वेड्यात काढतायत. व्हिंटेज नंबर मिळेल का?
एक वाचक, गिरगाव

वेड्यात काढू दे. मला तुमचा हेवा वाटतो.

कुर्ल्यात बनलेली गाडी, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, पुढं सलग सीट, आमच्या घरी तर पुढं तिघं बसायची आणि मधल्याचे गुडघे प्रत्येक गिअरला मार खायचे. मधला म्हणजे मीच. खंडाळ्याचा घाट चढताना काटा लालमध्ये गेला की वडील गाडी बाजूला घ्यायचे, आम्ही खाली उतरून बॉनेटमधनं निघणारी वाफ बघायचो आणि आई तेवढ्यात डबा उघडायची. घाटातला पुलाव म्हणायचो आम्ही त्याला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली तेव्हा मुंबईबाहेरच्या माणसांनाही चुटपुट लागली होती.

व्हिंटेजचं म्हणाल तर पन्नास वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुम्हाला २०२८ पर्यंत थांबावं लागेल. आणि एकदा व्हिंटेज नंबर घेतला की गाडी रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, देखभाल एवढंच. तुम्हाला चालवायचीच हौस असेल तर साधं रिन्यूअल करून घ्या.

चार वर्षं उभी म्हणजे चावी लगेच फिरवू नका. टाकी काढून साफ करा, जुनं पेट्रोल फेका, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि इंजिन हाताने फिरतंय का बघा. ब्रेकची सगळी वॉशरं बदला, तिथं काटकसर नको. दरवाज्याची बीडिंग, पाण्याच्या होज, फॅनबेल्ट, इंजिनाखालची माउंटिंग, यादी केलीत तर तीन पानं होतील आणि त्यात अडीच पानं रबर असेल. कुर्ल्याला सीएसटी रोडवर पायपीट करायची तयारी ठेवा, जुना पार्ट सोबत न्या, तोंडी वर्णनावर घेतलेला पार्ट बसत नाही हा माझा अनुभव.

दसऱ्याला टायरखाली लिंबू ठेवतात त्याने टायर खराब होतो का? मुलगा म्हणतो लिंबात अ‍ॅसिड असतं.
एक वाचक, सांगली

मुलगा हुशार आहे, पण लिंबाने रबराला काही होत नाही. हळदीचं मात्र बघा, पांढऱ्या गाडीवर ओल्या हळदीचं स्वस्तिक काढून दुपारभर उन्हात ठेवलं तर ते पुढच्या दसऱ्यापर्यंत दिसतं. आणि नारळ जमिनीवर फोडा, बंपरवर नको. आमच्या शेजाऱ्यांनी मागल्या वर्षी फोडला, नारळ शाबूत राहिला.