बाबा डायलिसिस अर्धवट सोडून का उठतात?

तुम्ही लिहिलंय की बाबा साडेतीन तासांतच 'काढा मला' म्हणतात, आठवड्यातली तिसरी पाळी बुडवतात आणि पाण्यावरून घरात रोज वाजतं. माझ्या नवऱ्याचं डायलिसिस बरीच वर्षं चालू आहे, म्हणून सांगते: भांडायचंच असेल तर पाण्यावरून नको, मिठावरून भांडा.

बाबांना हट्टी म्हणण्याआधी शेवटच्या तासात त्यांचं काय होतं ते विचारा. पायात गोळे, बीपी पडणं, मळमळ? हिशोब असा. तासाला वजनाच्या किलोमागे 13 मिलीच्या वर पाणी काढू नये, असं सर्वसाधारणपणे मानतात. ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, 60 किलो असेल तर चार तासांत जेमतेम तीन लिटर झाले. बाबा पाण्याने चार किलो वाढवून गेले की मशीनला घाई करावी लागते, आणि त्या घाईचे हे गोळे. त्यात लवकर उठले की पाणी अंगात उरतं, पुढच्या वेळी वजन आणखी जास्त, हाल आणखी जास्त. मग जावंसं कुणाला वाटेल? तीन पाळ्यांच्या आठवड्यात दोन दिवसांची जी मोठी सुट्टी पडते, तीच मुळात सगळ्यांत धोक्याची. तिला लागून पाळी बुडवणं तर नकोच.

साधारण आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर लिटरभर पाणी मागतंच. हातातला पेला काढून घेऊन तहान जात नाही. लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी, बेकरीचे पदार्थ आधी बंद करा. चवीला लसूण, मिरी, थोडं लिंबू. 'लो सोडियम' मीठ मात्र चुकूनही आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. शहाळ्यातही पोटॅशियम असतं, म्हणून शहाळी घेऊन भेटायला येणारे प्रेमळ नातेवाईकही त्याच यादीत! मधुमेह असेल तर साखर चढल्यावरही तहान लागते, तेही बघा.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. ड्राय वेट शेवटचं कधी तपासलं? भूक सुधारून माणूस अंगाने भरला आणि आकडा जुनाच राहिला, तर नको तेवढं पाणी निघतं. दुसरं, डायलिसिसच्या सकाळी बीपीची गोळी घ्यायची का? स्वतःहून बंद करू नका. फॉस्फरस कमी ठेवायची गोळी असेल तर ती जेवतानाच. नंतर आठवली तर उपयोग नाही.

रोजच्या वजनाची वही बाबांच्या हातात द्या, तुम्ही पोलीस होऊ नका. आणि त्यांना गावी जायचं असेल तर न्या. तिथल्या जवळच्या युनिटमध्ये आधी जागा धरा. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, ड्राय वेट आणि डायलिसिसचा कागद ते मागतातच. डायलिसिससाठी रेल्वेने जावं लागत असेल तर रुग्ण आणि सोबतचा एक माणूस, दोघांनाही भाड्यात सवलत आहे. ठरलेल्या नमुन्यातला दाखला हॉस्पिटलकडून घ्या.