पार्किन्सनच्या प्रोटीन रिसर्चसाठी बाहेर यायचंय तर देश नंतर ठरव

तू विचारलंयस की बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालंय, पार्किन्सन मुळात का होतो यावर प्रोटीनच्या बाजूने काम करायचंय, तर पीएचडीला कुठे जावं. मी याच कामासाठी सहा वर्षांपूर्वी ब्रिटनला आलो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

देशाआधी प्रोटीन ठरव, कारण तुझे दिवस कसे जाणार ते त्यावर आहे. अल्फा-सिन्यूक्लिन घेतलंस तर १४० अमिनो अ‍ॅसिडचं हे एवढंसं प्रोटीन, लेवी बॉडीत (पार्किन्सनच्या पेशंटच्या मेंदूतल्या पेशींत दिसणारे गोळे) तेच साठलेलं असतं हे १९९७ मधे केंब्रिजला स्पिलांटिनी आणि गोएडर्ट यांच्या कामातून कळलं. शुद्ध प्रोटीन ट्यूबमधे बरेच दिवस हलवत ठेवलं की फायब्रिल, म्हणजे प्रोटीनचे बारीक धागे बनतात, ते सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी तुकडे करणारं यंत्र) बारीक करून न्यूरॉनवर टाकले की आतलं चांगलं प्रोटीनही गोळा व्हायला लागतं, पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ तिथून उठलोच नाही. पण २०२२ मधे पेशंटच्या मेंदूतल्या फायब्रिलची क्रायो-ईएमने (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी) काढलेली रचना आली, आणि ट्यूबमधे तयार झालेल्यांची घडी तिच्यापेक्षा वेगळी निघते. म्हणून इंटरव्ह्यूत हेच विचार की फायब्रिल कुठले वापरता आणि प्रत्येक बॅच तपासता कशी. माझं जवळपास अख्खं वर्ष यातच गेलं, एका बॅचला रिझल्ट छान, पुढच्या बॅचला काहीच नाही, आणि शेवटी कळलं की सोनिकेशन कमी पडून तुकडे लांबच राहिले होते.

दुसरी वाट किनेजची, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनना फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमची, त्यासाठी स्कॉटलंडमधल्या डंडीची एमआरसी (मेडिकल रिसर्च कौन्सिल) युनिट नक्की बघ. एलआरआरके२ (बोलताना सगळे लार्क-टू म्हणतात) हा जीन पार्किन्सनशी जोडला गेला २००४ मधे, पण त्यापासून बनणारं किनेज पेशीत रॅब नावाच्या प्रोटीनना फॉस्फेट लावतं हे पक्कं व्हायला २०१६ उजाडलं. म्युटेशनमुळे हे किनेज जास्त काम करतं, म्हणून त्याला आवरणारी औषधं बनवताहेत. पिंक१ आणि पार्किन या दोन प्रोटीनचं उलट आहे, ते बंद पडले की खराब मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा देणारे भाग) साफ होत नाहीत. मला विचारशील तर शिकायला ही वाट जास्त चांगली, प्रश्न नेमका असतो आणि उत्तर हो की नाही ते कळतं.

पैशाचं थोडक्यात, ब्रिटनमधे यूकेआरआय (संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) ज्यांचा खर्च उचलते त्या पीएचडीच्या जागांपैकी जास्तीत जास्त ३० टक्के बाहेरच्यांना देता येतात, आणि इंटरनॅशनल फी कोण भरणार हे लेखी घेतल्याशिवाय हो म्हणू नकोस.

आमच्याकडे अधूनमधून पार्किन्सन असलेली माणसं लॅब बघायला येतात. आत्ताची औषधं त्रास कमी करतात, आजार वाढायचा थांबत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, तरी फायब्रिलचे फोटो बघून बारीक बारीक प्रश्न विचारतात. त्या दिवशी मला माझं काम परत नव्याने दिसतं.

मेल पाठवताना त्या लॅबचा एक पेपर नीट वाच आणि त्यातल्या एकाच फिगरबद्दल खरा पडलेला प्रश्न लिही. सोबत कुठलं प्रोटीन स्वतः प्युरिफाय केलंयस आणि कुठे अडकलीस तेही सांग, मला बोलावलं ते त्याच परिच्छेदामुळे.