बार्टोक या हंगेरियन संगीतकाराचं संगीत पहिल्यांदाच ऐकायला जाताय?

पुढची, जरा कडेची खुर्ची मिळाली तर सोडू नका; हे संगीत निम्मं बघायचं असतं. बार्टोकचं चौथं स्ट्रिंग क्वार्टेट (१९२८) घ्या, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हियोला आणि चेलो अशा चौघांची रचना. दुसऱ्या भागात चौघंही घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती) आवाज दबवणारं म्यूट चढवतात आणि भरधाव सूर कुजबुजल्यासारखे येतात. चौथ्यात तर गज बाजूलाच, सगळं बोटांनी छेडायचं. मध्येच तार इतकी ओढतात की ती खालच्या लाकडी पट्टीवर आपटून ‘टाक्’ वाजते. मी पहिल्यांदा दचकलोच, वाटलं तुटली! चाल शोधत बसू नका, उगाच चिडचिड होते. त्यापेक्षा तिसऱ्या भागात बाकीचे सूर धरून बसतात तेव्हा एकटा चेलो काय बोलतो, तिकडे कान द्या. भाग पाच आहेत, मध्ये टाळ्या नकोत. आदल्या रात्री यूट्यूबवर एकदा ऐकून गेलात तरी चालेल, लाजू नका.