पगार निम्मा होईल, लेकीचा हप्ता नाही

प्रश्न : मी टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. नऊ वर्षांची मुलगी आईकडे असते. सहा महिन्यांपूर्वी त्या दोघी शिकागोला गेल्या. माझ्या हाती महिन्याला 9,000 डॉलर येतात, त्यातले 1,800 चाइल्ड सपोर्टला, म्हणजे मुलीच्या खर्चासाठी कोर्टाने ठरवलेल्या रकमेला जातात. मित्राच्या स्टार्टअपमध्ये 4,500 मिळतील. शिल्लक 30,000 आहे. सपोर्ट 900 वर येईल असं धरून नोकरी सोडू का?

उत्तर : 900 धरून तर अजिबात सोडू नका. टेक्ससमध्ये एका मुलासाठी निव्वळ उत्पन्नाच्या 20 टक्के हा ठरलेला आकडा आहे, म्हणून 4,500 चे 900 हा तुमचा हिशेब सरळ वाटतो. पण आपणहून कमी पगार पत्करला, तर कोर्ट तुमची कमावण्याची क्षमता पाहू शकतं. सपोर्ट चुकवायचा हेतू होता हे सिद्ध व्हायचीही गरज नाही, असं टेक्ससच्या सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये सांगितलं. नवा व्यवसाय, पुढचं शिक्षण, आजारपण अशी कारणं न्यायाधीश विचारात घेतात. पण ती मान्य होतीलच असं धरून घरखर्च आखता येत नाही.

तुम्ही ज्याबद्दल विचारलंच नाही, तो मुद्दा मला जास्त भक्कम वाटतो : शिकागो. मुलीला भेटायला जाण्याचा खर्च, मुलीच्या खास वैद्यकीय किंवा शैक्षणिक गरजा, पाळणाघराचा खर्च अशा कारणांसाठी कोर्ट ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी-जास्त रक्कम लावू शकतं. विमानाच्या तिकिटांच्या पावत्या आजपासून जपून ठेवा आणि वकिलांना दाखवा. 401के, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचत खात्यात तुम्ही स्वतःहून भरता ती रक्कम मात्र सपोर्ट मोजताना उत्पन्नातून वजा होत नाही.

आता 1,800 कायम धरून हिशेब. 4,500 मधून ते गेले की उरतात 2,700. तुम्ही कळवलेलं भाडं 1,900, किराणा-गाडी 1,500, शिकागोच्या फेऱ्या 500, म्हणजे 3,900. दरमहा 1,200 ची तूट. शिल्लक कागदावर 25 महिने पुरते, पण मुलीचा आरोग्य विमा तुमच्या कंपनीतून आहे आणि तो यात धरलेलाच नाही. स्टार्टअप विमा देणार का, हे होकार कळवण्याआधी लेखी विचारा.

माझं मत : विमा मिळत असेल तर जा, पण एका वर्षाची मुदत घालून. तोवर 14,400 खर्च होतील आणि निम्म्याहून जास्त शिल्लक हाताशी राहील. सपोर्टची रक्कम बदलण्यासाठी कोर्टात अर्ज करायचा तर उत्पन्न घटताच करा. समोरच्या पक्षाला नोटीस मिळण्याआधीची थकबाकी कोर्ट कमी करत नाही आणि तिच्यावर वर्षाला 6 टक्के व्याज चढतं. मुलीच्या आईने फोनवर “चालेल” म्हटलं, तरी कोर्टाची ऑर्डर बदलत नाही. तरीही अर्जाआधी त्यांना स्वतः फोन करून सगळं सांगा. लेकीच्या शाळेचं, क्लासचं गणित त्या याच 1,800 वर बसवत असतील.