सगळ्यांचं 44/16 आहे, म्हणून आपलंही?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत शार्लटला राहतो, मुलगा 11 वर्षांचा, त्याला दर शनिवारी रॉक हिलच्या बीएमएक्स (छोट्या चाकांच्या सायकलींची उंचवट्यांवरची शर्यत) ट्रॅकवर घेऊन जाते. सायकलला पुढे 44 दात, मागे 16. सुरुवातीचं गेट पडलं की पहिल्या सरळ पट्ट्यातच तो मागे पडतो, पुढे मात्र दोघा-तिघांना गाठतो. तिथले एक बाबा म्हणतात पुढे 45 दातांची चक्री लावा, स्पीड वाढेल. लावू का?
– एक आई

उत्तर : ताई, अजिबात नको! तुमच्या पत्रातच उत्तर आहे बघा, पोरगं स्पीडमध्ये कमी पडत नाहीये, सुटताना कमी पडतंय. 44 ला 16 ने भागलं की येतं 2.75, म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक पावणेतीन वेळा फिरतं. 45 लावलंत तर होईल 2.81, म्हणजे जिथे त्याचा जीव जातोय तिथेच आणखी जड. उलट 43 लावा (2.69), आणि पंधरा दिवसांनी वाटलं तर 42.

बदल पुढच्या चक्रीतच करा हं, मागे हात लावू नका. पुढचा एक दात कमी केला तर फरक सव्वादोन टक्क्यांचा, पण मागे 16 चं 17 केलं तर एकदम सहा टक्के हलकं होतं, आणि मग पोरगं दुसऱ्या उंचवट्याच्या आधीच पाय भिंगरीसारखे फिरवत सीटवर उड्या मारायला लागतं. नवी चक्री घेताना जुनीला बोल्ट किती आहेत, चार की पाच, आणि त्यांच्या वर्तुळाचं माप काय ते बघून घ्या, नाहीतर घरी आणून परत पाठवावी लागते (मी पाठवलीये, कुरिअरचे पैसे माझेच गेले).

त्या बाबांचंही चूक नाही म्हणा. रॉक हिलला 2017 आणि 2024 ला जागतिक स्पर्धा झाल्या, तिथे मोठी माणसं आठ मीटर उंच उतारावरून खाली येतात, निम्मं काम उतारच करतो, त्यांना जड गिअर चालतो. अकरा वर्षांच्या पोराच्या मांड्या वेगळ्या आणि त्याचा उतारही बुटका.

आणि एक गोष्ट घरी करून बघा. गॅरेजच्या फरशीवर पायडल बरोबर खाली ठेवून, मागचं चाक जिथे टेकलंय तिथे खडूने रेघ मारा, मुलाला सीटवर बसवा, हवा रेसच्या दिवशी असते तेवढीच ठेवा, आणि पायडलचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत सायकल ढकला, मग दुसरी रेघ. 44/16 ला हे अंतर चार मीटरच्या थोडं पुढे भरेल. आता शेजारच्या मुलाचं मोजा, आकडा 44/16 च असूनही रेघ वेगळ्या जागी येऊ शकते, कारण 20 इंची म्हणून जी चाकं विकतात त्यात दोन जाती आहेत, एकीची रिम 406 मिमीची आणि लहान मुलांच्या रेसच्या सायकलींना येते ती 451 ची. म्हणून दुसऱ्याचा आकडा ऐकला की आधी त्याचं टायर बघायचं. 43 लावल्यावर दोन्ही चक्र्यांवर तीन-तीन गेट घ्या, मोबाईलवर शूट करा आणि पहिल्या उंचवट्यापर्यंतचा वेळ मोजा. पोराला "कसं वाटलं" विचारू नका, नवीन काही लावलं की त्याला भारीच वाटतं.

प्रश्न : सर, सेकंडहँड बीएमएक्स घेतलीये, 36/16 आहे. पाय नुसते फिरतात, गाडी पुढेच जात नाही. व्हिडिओत सगळ्यांची 25/9 असते. तसं करू का? बजेट कमी आहे.
– कॉलेजवाला, कोल्हापूर

उत्तर : मित्रा, 36/16 म्हणजे 2.25, आणि 25/9 म्हणजे 2.78, तेव्हा तुझी तक्रार खरी आहे. पण 9 दात फ्रीव्हीलमध्ये (मागच्या चाकावर आट्यांनी बसणारी दातांची चक्री) मिळत नाहीत, ते हबचाच, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचाच भाग असतात, म्हणजे हब, तारा, सगळं चाक नव्याने बांधणं आलं. 14 चं फ्रीव्हील मिळतं पण त्याचे आटे वेगळे, तुझ्या हबवर बसणार नाही. मग बजेटमध्ये काय? पुढे 40 ची चक्री, 2.5 मिळतील. मिनिटाला 120 फेऱ्या मारल्यास तर आत्ता साधारण 25 किमीचा वेग मिळतो, तो 27 च्या वर जाईल. रस्त्यावर हे पुरेसं आहे.

घ्यायच्या आधी चक्री फ्रेमच्या नळीला घासत नाही ना ते बघ. चार दात वाढले की तीच चेन ठेवल्यास मागचं चाक जवळपास 13 मिमी पुढे सरकतं, तेवढी फ्रेमच्या मागच्या खाचेत जागा नसेल तर चेन वाढवावी लागेल. कठड्यावर चक्री घासत जायचे खेळ करायचे असतील तर मात्र 40 आपटणार, तिथे 25 च बरी, फक्त 9 दातांवर सगळा जोर येतो म्हणून ते लवकर झिजतात.

लावल्यावर पायडल हळू फिरव. चेन एका जागी तट्ट आणि अर्ध्या फेऱ्यावर ढिली झाली तर चाक मागे ओढत बसू नकोस, चक्री मधोमध बसलेली नाहीये. तिचे बोल्ट असतील तर थोडे सैल कर, जिथे तट्ट होते तिथे चेनवर हलकी टिचकी मार, मग आवळ.